वाळवंटी सरड्यांचे ग्रंथिस्राव : रासायनिक सूची आणि संदेशाचा प्रश्न

प्रास्ताविक

प्राणिशास्त्र आणि रसायनशास्त्र या दोन विद्याशाखांच्या सीमेवर गेल्या चार दशकांत जे विषय वाढीस लागले, त्यांत सरीसृपांच्या रासायनिक संदेशवहनाचा विषय लक्षणीय आहे. अनेक जातींच्या सरड्यांमध्ये मांड्यांच्या आतील बाजूस किंवा अवस्कराच्या, म्हणजे मलमूत्र व प्रजनन यांच्या सामाईक द्वाराच्या, पुढे छिद्रांची एक ओळ असते. या छिद्रांतून मेणासारखा घट्ट स्राव बाहेर येतो आणि सरडा वावरताना तो दगडावर, वाळूवर किंवा बिळाच्या तोंडाशी घासला जातो. वाळवंटात राहणाऱ्या जातींच्या या स्रावाविषयी एक आकर्षक सिद्धान्त मांडला गेला आहे. प्रखर ऊन आणि कोरडी हवा यांत टिकून राहतील अशीच रसायने या जातींच्या स्रावात उत्क्रांतीच्या ओघात निवडली गेली आणि म्हणून हा स्राव वाळवंटाशी अनुकूलित झालेला संदेश होय, असे हा सिद्धान्त सांगतो.

प्रस्तुत लेखात या सिद्धान्ताची चिकित्सा करावयाची आहे. सिद्धान्त एका वाक्यात सांगता येत असला तरी त्यात तीन स्वतंत्र विधाने गुंफलेली आहेत. पहिले, स्रावात अमुक रसायने आहेत. दुसरे, ती रसायने वाळवंटी परिस्थितीत इतरांपेक्षा अधिक टिकतात. तिसरे, दुसरा सरडा ती ओळखतो आणि त्यानुसार त्याचे वर्तन बदलते. पहिल्या विधानासाठी प्रयोगशाळेतील उपकरण पुरते, दुसऱ्यासाठी उष्णतेचे नियंत्रित प्रयोग लागतात आणि तिसऱ्यासाठी जिवंत प्राण्याची साक्ष लागते. उपलब्ध संशोधन पाहता पहिल्या विधानाचे पुरावे विपुल, दुसऱ्याचे मोजके आणि तिसऱ्याचे, विशेषतः वाळवंटी जातींपुरते, फारच थोडे आहेत. निष्कर्ष लिहिताना मात्र ही तिन्ही विधाने सारख्याच खात्रीने मांडली जातात. घटकांची सूची म्हणजे संदेशाचा अर्थ नव्हे, हे भान सुटल्यामुळे या विषयाच्या मांडणीत जे दोष शिरले आहेत, त्यांचा विचार पुढे केला आहे.

ग्रंथींची रचना व व्याप्ती

मांडीवरील ग्रंथींना ऊरू-ग्रंथी आणि अवस्करापुढील ग्रंथींना अवस्करपूर्व ग्रंथी म्हणता येईल. दोन्ही त्वचेतून उद्भवणाऱ्या, पिशवीसारख्या ग्रंथी आहेत. त्यांतील पेशी परिपक्व होऊन स्वतःच विघटित होतात आणि त्यांचाच स्राव बनतो. त्यामुळे या स्रावात मेद आणि प्रथिने असे दोन्ही प्रकारचे घटक आढळतात. बहुतेक जातींत नराच्या ग्रंथी मादीपेक्षा मोठ्या असतात आणि प्रजननकाळात त्यांचा स्राव वाढतो. पुंप्रेरकाशी असलेला त्यांचा संबंध प्रयोगांनी सिद्ध झाला आहे. सी. जे. कोल यांनी १९६६ साली या ग्रंथींविषयीच्या तोवरच्या माहितीचा आढावा घेतला. पुढे २०१५ साली मायर्ल, बेकेन्स आणि व्हान दाम यांनी अधिक विस्तृत आढावा प्रसिद्ध केला.

या ग्रंथी सर्व सरड्यांमध्ये नसतात, ही बाब आपल्या विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. आपल्याकडे बागेत, कुंपणावर दिसणाऱ्या कॅलोटिस वंशातील सरड्यांना ही छिद्रे नसतात. सापसुरळीच्या कुळातही त्या आढळत नाहीत. उलट घरातील पालीच्या हेमिडॅक्टिलस वंशातील नरांत त्या असतात आणि वर्गीकरणशास्त्रज्ञ छिद्रांची संख्या व मांडणी पाहून जाती ओळखतात. भारताच्या वायव्येकडील वाळवंटातील सांडा या सरड्यालाही ही छिद्रे आहेत. कॅलोटिस आणि सांडा हे दोघे एकाच कुळातील आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट होते. वाळवंटी स्रावाचे स्पष्टीकरण देणाऱ्या सिद्धान्ताने ग्रंथी नसलेल्या जातींचे कसे निभते, याचाही विचार केला पाहिजे. सापसुरळीच्या कुळातील काही जाती ऊरू-ग्रंथींवाचूनही एकमेकींना रासायनिक खुणांवरून ओळखतात, हे प्रयोगांनी दिसून आले आहे. तेव्हा ग्रंथी हा रासायनिक संदेशाचा एक स्रोत झाला. त्वचा आणि विष्ठा हेही असे स्रोत असू शकतात. केवळ ग्रंथीचा स्राव तपासून प्राण्याच्या संपूर्ण रासायनिक संदेशवहनाविषयी विधान करणे, हे म्हणूनच धाडसाचे ठरते.

'गंध' आणि 'कामगंध' : परिभाषेचा पेच

या विषयातील पहिला दोष परिभाषेचा आहे. 'फेरोमोन' ही संज्ञा पीटर कार्ल्सन आणि मार्टिन ल्यूशर यांनी १९५९ साली मांडली. एका प्राण्याने बाहेर टाकलेला आणि त्याच जातीच्या दुसऱ्या प्राण्यात विशिष्ट प्रतिक्रिया घडवून आणणारा पदार्थ, असा तिचा आशय होता. त्याच वर्षी ॲडॉल्फ बूटेनान्ट यांच्या गटाने रेशीमकिड्याच्या मादीतील बॉम्बिकॉल हे रसायन ओळखल्याचे जाहीर केले. त्या संशोधनात रसायन वेगळे करणे आणि त्याला नर कसा प्रतिसाद देतो हे पाहणे, या दोन क्रिया एकमेकींशी बांधलेल्या होत्या. प्रत्येक टप्प्यावर पतंगाच्या फडफडीनेच अर्काची परीक्षा झाली. म्हणजे 'फेरोमोन' या संज्ञेच्या जन्मातच वर्तनाचा पुरावा अनुस्यूत आहे. सरड्यांवरील साहित्यात मात्र ग्रंथीतून निघालेला पदार्थ तपासणीपूर्वीच फेरोमोन ठरतो आणि त्यातील घटकांची यादी ही 'फेरोमोनची घटकसूची' म्हणून प्रसिद्ध होते. सिद्ध करावयाची गोष्ट येथे नावातच गृहीत धरली जाते.

मराठीत हा पेच अधिकच वाढतो. कपाशीवरील गुलाबी बोंडअळीसाठी लावले जाणारे 'कामगंध सापळे' आपल्या शेतकऱ्याच्या परिचयाचे आहेत. त्या संदर्भात 'कामगंध' हा शब्द अचूक व अर्थवाही आहे. मादीच्या गंधाने नर पतंग हवेतून खेचला जातो आणि सापळ्यात सापडतो. परंतु हाच शब्द फेरोमोनचा सर्वसाधारण प्रतिशब्द म्हणून सरड्यांना लावला की त्याचे दोन्ही घटक दिशाभूल करतात. स्राव कमी बाष्पनशील असेल तर तो हवेतून नाकापर्यंत पोहोचतोच असे नाही. सरडा जीभ बाहेर काढून पृष्ठभागाला स्पर्श करतो, जिभेवर आलेले रेणू टाळूतील जेकबसन अंगापर्यंत जातात आणि तेथे त्यांची जाणीव होते. या अनुभवाला 'गंध' म्हणावे की 'चव', हा प्रश्न आपल्या इंद्रियांच्या विभागणीतून निर्माण होतो. सरड्याची विभागणी निराळी आहे. 'काम' हा दुसरा घटकही तितकाच अपुरा आहे. क्षेत्राची मालकी, स्वतःच्या खुणेची ओळख, शेजारी व परका यांतील भेद ही कार्येही या स्रावांना दिली गेली आहेत. यास्तव प्रस्तुत लेखात 'ग्रंथिस्राव' हा तटस्थ शब्द योजिला आहे. मराठीत विज्ञान शिकविताना प्रतिशब्दाची निवड ही केवळ भाषेची बाब राहत नाही. चुकीचा शब्द विद्यार्थ्याच्या मनात चुकीचा निष्कर्ष आधीच रुजवून जातो.

वाळवंटी इग्वाना : एक आदर्श आणि त्याच्या मर्यादा

वाळवंटी सिद्धान्ताचा पाया ज्या संशोधनाने घातला, ते ॲलिसन अल्बर्ट्स यांचे आहे. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील व मेक्सिकोच्या वायव्य भागातील मोहावी व सोनोरा वाळवंटांत डिप्सोसॉरस डॉर्सालिस हा वाळवंटी इग्वाना आढळतो. शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर गेले तरी तो क्रियाशील राहू शकतो. अशा ठिकाणी पृष्ठभागावर टाकलेली खूण टिकणार कशी आणि ती दुसऱ्याला सापडणार कशी, असा प्रश्न स्वाभाविकच पडतो.

अल्बर्ट्स यांनी १९८९ आणि १९९० साली प्रसिद्ध केलेल्या लेखांत या प्रश्नाचे दोन अंगांनी उत्तर शोधले. स्रावाचे रासायनिक गुणधर्म तपासता तो मुख्यतः प्रथिनयुक्त आणि अत्यंत कमी बाष्पनशील असल्याचे दिसले. म्हणजे तो लवकर उडून जात नाही. परंतु त्याच कारणाने तो दुरून हवेतून कळणेही कठीण. हा स्राव दीर्घ तरंगलांबीचा अतिनील प्रकाश मोठ्या प्रमाणात शोषतो, हेही त्यांना आढळले. इग्वानाला अतिनील प्रकाशाची दृष्टी आहे काय, याची त्यांनी वर्तनाच्या आधारे परीक्षा केली आणि उत्तर होकारार्थी आले. त्यावरून त्यांनी असे सुचविले की सरडा आधी डोळ्यांनी खूण हेरत असावा आणि जवळ गेल्यावर जिभेने तिचा आशय जाणून घेत असावा.

या संशोधनाचे मोल मोठे आहे. रसायन, प्रकाश आणि इंद्रिय या तिन्ही बाजू एकाच प्राण्यात तपासल्या गेल्या आणि 'गंध' मानल्या गेलेल्या खुणेला दृश्य अंगही असू शकते, हे प्रथमच ध्यानात आले. तरीही या साखळीतील शेवटचा दुवा अनुमानाचाच आहे. स्राव अतिनील प्रकाश शोषतो आणि सरड्याला तो प्रकाश दिसतो, या दोन गोष्टी खऱ्या असल्या तरी भर उन्हातील वाळूवर तो ठिपका सरड्याला उठून दिसतो व त्यामुळेच तो तिकडे वळतो, ही तिसरी गोष्ट त्यातून आपोआप सिद्ध होत नाही. अल्बर्ट्स यांनी स्वतः हे संभाव्य फलित म्हणूनच मांडले होते. पुढील लेखनात त्याचा उल्लेख होताना 'असावा' हे क्रियापद हळूहळू 'आहे' बनले. विज्ञानातील विधानांचे असे क्रियापद-परिवर्तन संदर्भ देणाऱ्या प्रत्येक अभ्यासकाने तपासून पाहावे, इतके ते सर्वत्र आढळते.

दुसरी मर्यादा तुलनेची आहे. पावसाळी अरण्यातील हिरव्या इग्वानाच्या स्रावात मेदांचे वैविध्य व बाष्पनशीलता अधिक आहे, असे अल्बर्ट्स यांना आढळले. वाळवंटात टिकाऊ प्रथिने, दमट अरण्यात उडून जाणारे मेद अशी ही जोडी अध्यापनासाठी फारच सोयीची आहे. परंतु कोणत्याही दोन जाती एकमेकींपासून असंख्य बाबतींत भिन्न असतात. त्यांपैकी हवामान हेच स्रावातील फरकाचे कारण आहे, हे दोनच जातींवरून ठरविता येत नाही. थिओडोर गारलँड आणि स्टीफन ॲडॉल्फ यांनी १९९४ साली दोन जातींच्या तुलनेवर आधारलेल्या अनुकूलनविषयक निष्कर्षांवर नेमका हाच आक्षेप घेतला होता. दोन जातींची तुलना प्रश्न सुचविण्यास पुरेशी असते. उत्तर देण्यास ती अपुरी पडते.

सूचींचा काळ

एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून गॅस क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री या जोड-तंत्राचा वापर या क्षेत्रात वाढला. एस्कोबार, लाब्रा आणि निमेयर यांनी २००१ साली दक्षिण अमेरिकेतील लायोलेमस वंशाच्या अनेक जातींच्या अवस्करपूर्व स्रावांचे विश्लेषण केले. त्यांत अल्केन, दीर्घ साखळीची कार्बोक्सिलिक आम्ले आणि स्टेरॉइडे असे तीन प्रमुख गट आढळले. २००३ साली आताकामाच्या मीठसपाटीवरील लायोलेमस फाबियानी या जातीच्या दोन समूहांचा त्यांनी तुलनात्मक अभ्यास केला. पुढे स्पेनमधील होसे मार्तीन व पिलार लोपेझ यांच्या गटाने अनेक जातींच्या तपशीलवार सूची प्रसिद्ध केल्या. २०१६ साली त्यांनी कतारमधील सहकाऱ्यांसह युरोमॅस्टिक्स ईजिप्टिया या काटेरी शेपटीच्या सरड्याच्या नर व मादी अशा दोहोंच्या स्रावांचे विश्लेषण केले. हे स्राव कोरड्या परिस्थितीशी अनुकूलित आहेत काय, असा प्रश्न त्या लेखाच्या शीर्षकातच विचारलेला आहे.

या संशोधनाची चिकाटी आणि अचूकता वादातीत आहे. येथे आक्षेप आहे तो तंत्राने आखून दिलेल्या दृष्टिक्षेत्राविषयी. सेंद्रिय द्रावकात विरघळणारे आणि तापविल्यावर वायुरूप होणारे रेणूच या तंत्राच्या नजरेत येतात. प्रथिने त्यात दिसत नाहीत. म्हणजे ज्या वाळवंटी इग्वानाच्या प्रथिनबहुल स्रावावरून हा सगळा विचार सुरू झाला, त्याच्या मुख्य घटकाकडेच नंतरच्या बहुसंख्य अभ्यासांनी पाठ फिरविली. त्यामागे विचारपूर्वक घेतलेला निर्णय क्वचितच दिसतो. उपलब्ध उपकरणाने प्रश्नाची मर्यादा ठरविली, एवढेच. 'स्रावात अमुक घटक आहेत' हे विधान वस्तुतः 'स्रावातील मेदविद्राव्य अंशात अमुक घटक आहेत' असे वाचले पाहिजे. अलीकडे मांजाकोत्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथिनांकडे पुन्हा लक्ष वेधले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत केवळ प्रथिनांच्या आधारे नर सरड्यांनी स्वतःची खूण इतरांच्या खुणांपासून वेगळी ओळखली. हे सरडे मात्र स्पेनच्या पर्वतातील होते, वाळवंटातील नव्हते.

अनुकूलनाचा दावा

स्टीफन जे गूल्ड आणि रिचर्ड लेवोंटिन यांनी १९७९ साली अनुकूलनवादी विचारपद्धतीवर केलेली टीका सर्वश्रुत आहे. प्रत्येक गुणधर्माला उपयोग चिकटवून कथा रचणे सोपे असते. तो गुणधर्म वंशपरंपरेने केवळ वारशात आला आहे काय, हे आधी पाहिले पाहिजे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा एक भाग होता. वाळवंटी स्रावांच्या बाबतीत ही कसोटी लावणे अगत्याचे आहे.

लायोलेमस वंशाचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. अवस्करपूर्व छिद्रांची संख्या आणि परिसराची परिस्थिती यांचा संबंध असल्याचे आधी सुचविले गेले होते. पिंचेइरा-दोनोसो, हॉजसन आणि ट्रेगेन्झा यांनी २००८ साली वंशवृक्षाचा आधार घेऊन तपासणी केली, तेव्हा छिद्रांच्या संख्येवर परिसरापेक्षा वंशपरंपरेचाच प्रभाव प्रबळ दिसला. ज्याला परिसराचा ठसा समजले जात होते, तो बऱ्याच अंशी पूर्वजांचा वारसा होता.

याउलट, अनुकूलनाच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा सिमोन बेकेन्स आणि सहकाऱ्यांच्या २०१८ सालच्या अभ्यासातून मिळतो. त्यांनी लॅसर्टिडी कुळातील ६४ जातींच्या स्रावांची वंशवृक्ष लक्षात घेऊन तुलना केली. उष्ण व कोरड्या प्रदेशांतील जातींत स्थिर मेदाम्ल-एस्टरे आणि जड अल्कोहोले यांचे प्रमाण अधिक, तर दमट प्रदेशांतील जातींत अल्डिहाइडे व हलकी अल्कोहोले यांचे प्रमाण अधिक आढळले. दोन जातींच्या तुलनेवरील आक्षेप या अभ्यासाला लागू पडत नाही आणि प्रामाणिक टीकाकाराने हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. तथापि त्याच्याही सीमा स्पष्ट आहेत. हा निष्कर्ष एका कुळापुरता आहे. वाळवंटी इग्वाना, लायोलेमस आणि सांडा हे त्या कुळाबाहेरचे आहेत. तो मेदांपुरता आहे. आणि तो स्रावाच्या रचनेविषयी आहे, त्याच्या ग्रहणाविषयी नाही.

यात आणखी एक अडचण आहे. अशा तुलनेत 'हवामान' म्हणजे त्या प्रदेशाचे सरासरी तापमान व पर्जन्यमान. पण खूण नकाशावर नसते. ती एखाद्या दगडाच्या सावलीत किंवा बिळाच्या तोंडाशी असते. वाळवंटातील बिळाच्या आतली हवा बाहेरच्यापेक्षा थंड व दमट असते, हे परिचित सत्य आहे. बिळात राहणाऱ्या सरड्याची खूण नेमकी कोठे पडते हे माहीत नसेल, तर ती कोणत्या उष्णतेला तोंड देते हेही माहीत नसते. तेव्हा टिकाऊपणाचा दावा करण्यापूर्वी खुणेच्या जागेचे तापमान मोजणे ही अगदी साधी, पण वारंवार वगळली जाणारी पायरी आहे.

वर्तनाची साक्ष

ग्रंथिस्रावांचा अर्थ वर्तनातून सिद्ध करणारे उत्तम प्रयोग झालेच नाहीत, असे नाही. मार्तीन व लोपेझ यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नर सरड्यांच्या आहारात ड जीवनसत्त्वाची भर घातली, तेव्हा त्यांच्या खुणांकडे माद्या अधिक आकर्षित झाल्या. त्यांच्याच २०१३ सालच्या अभ्यासात वाढीव तापमानामुळे खुणांची परिणामकारकता घटल्याचे दिसले. रसायन, उष्णता आणि प्रतिसाद या तिन्ही विधानांना एकत्र बांधणारे हे संशोधन आहे आणि या क्षेत्रात ते अनुकरणीय मानले पाहिजे.

परंतु हे प्रयोग ग्वादार्रामा पर्वतरांगेतील थंड हवेच्या खडकाळ जागी राहणाऱ्या सरड्यावर झाले आहेत. येथे या विषयातील मूळ विसंगती उघड होते. सिद्धान्त वाळवंटाचा, रासायनिक सूची वाळवंटी जातींच्या आणि वर्तनाची सर्वांत सबळ साक्ष मात्र पर्वतातील सरड्याची. पर्वतातील सरड्याने दिलेली साक्ष वाळवंटातील सरड्याच्या खात्यावर जमा करता येणार नाही. किंबहुना उष्णतेने खूण निकामी होते हे पर्वतात दिसले, म्हणून वाळवंटी खूण उष्णतेत टिकते की नाही हे स्वतंत्रपणे तपासण्याची निकड वाढते.

भारतीय संदर्भ : सांड्याचे उदाहरण

थर व कच्छच्या परिसरात आढळणारा सांडा हा या चर्चेशी थेट निगडित असलेला भारतीय प्राणी आहे. पूर्वी तो युरोमॅस्टिक्स वंशात गणला जाई. विल्म्स व सहकाऱ्यांनी २००९ साली त्याला सारा या वेगळ्या वंशात ठेवले. तो बिळात राहतो, मुख्यतः वनस्पतींवर जगतो आणि बिळाचे तोंड मातीने बंद करून घेतो. १९८६ साली एन. बी. चौहान यांनी घरातील पालीची एक जाती व सांडा यांच्या स्रावांतील मेदघटकांविषयी प्राथमिक अहवाल प्रसिद्ध केला होता. नंतर जगभर जो सूचींचा काळ आला, त्याच्या बऱ्याच आधीचे हे काम आहे. त्यापुढची पायरी, म्हणजे सांडा त्या स्रावाला कसा प्रतिसाद देतो याचा पद्धतशीर अभ्यास, हे आपल्या प्राणिशास्त्रापुढील कार्य आहे.

सांड्याविषयी समाजात प्रसिद्ध असलेली गोष्ट वेगळीच आहे. त्याच्या चरबीपासून काढलेले तथाकथित 'सांड्याचे तेल' पुरुषत्व वाढविणारे व सांधेदुखीवरचे औषध म्हणून बाजारांतून, रस्त्याच्या कडेला विकले जात आले आहे. या तेलाचा ग्रंथिस्रावाशी काहीही संबंध नाही. ते साध्या साठवणीच्या चरबीपासून काढलेले असते. पण या समजुतीपायी वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित असलेल्या या प्राण्याची शिकार होते. तेल विकणारा पदार्थ दाखवितो आणि परिणाम गृहीत धरतो. विज्ञानाचे वेगळेपण हे की परिणाम तपासल्यावाचून ते पदार्थाला गुण चिकटवीत नाही. ग्रंथिस्रावांच्या अभ्यासाने हे वेगळेपण जपले नाही, तर आपण विद्यार्थ्याला अंधश्रद्धेविरुद्ध कोणत्या अधिकाराने बोलणार, हा प्रश्न अध्यापकांनी गंभीरपणे घ्यावा असा आहे.

आपल्या प्रदेशात या सिद्धान्ताची खरी कसोटी घेण्याची संधीही आहे. वायव्य भारताच्या त्याच वाळूत ॲकँथोडॅक्टिलस कँटोरिस हा लॅसर्टिडी कुळातील सरडाही राहतो आणि त्यालाही ऊरू-छिद्रे आहेत. दोन भिन्न कुळे, एकच वाळवंट. या दोहोंच्या स्रावांत टिकाऊपणाचे गुण समान आढळले, तर वाळवंटाच्या प्रभावाला बळ मिळेल. प्रत्येकाचा स्राव आपापल्या कुळातील दमट प्रदेशांच्या जातींशीच अधिक जुळला, तर वारशाचे पारडे जड होईल. कोणतेही उत्तर आले तरी ज्ञानात भर पडेल, अशी ही दुर्मीळ रचना आहे.

यातील वर्तनाचा भाग करण्यासाठी महागडी यंत्रसामग्री लागत नाही. स्राव लावलेला कापसाचा बोळा सरड्यासमोर धरून ठरावीक वेळात तो किती वेळा जीभ बाहेर काढतो, हे मोजण्याची पद्धत विल्यम कूपर यांच्यासारख्या अभ्यासकांनी रूढ केली आहे. तुलनेसाठी एक बोळा केवळ पाण्याचा आणि एक एखाद्या असंबद्ध उग्र वासाचा ठेवला जातो, म्हणजे कुतूहल आणि ओळख यांत फरक करता येतो. कोणता बोळा कशाचा आहे हे निरीक्षकाला ठाऊक नसावे, ही त्यातील महत्त्वाची अट. आवश्यक परवानग्या घेऊन, प्राण्याला इजा न करता हे काम महाविद्यालयीन विभागालाही करता येण्याजोगे आहे. मोठे उपकरण नाही म्हणून संशोधन नाही, ही आपल्याकडील नेहमीची तक्रार या विषयात तरी टिकत नाही. येथे उणीव आहे ती धीराने केलेल्या निरीक्षणाची.

समारोप

वाळवंटी सरड्यांचे ग्रंथिस्राव त्यांच्या परिसराशी अनुकूलित आहेत, हा सिद्धान्त चुकीचा आहे असे या लेखाचे म्हणणे नाही. बेकेन्स यांच्या अभ्यासानंतर तो अधिक संभाव्य झाला आहे, हेही खरे. परंतु संभाव्य आणि सिद्ध यांतील अंतर मिटविण्यासाठी प्रत्येक जातीबाबत काही प्रश्न विचारावे लागतील. स्रावाचा कोणता अंश तपासला आणि कोणता वगळला? खूण प्रत्यक्ष जेथे पडते त्या जागेचे तापमान मोजले काय? जवळच्या नातलग जातींशी तुलना करून वारशाचा वाटा वजा केला काय? आणि दुसऱ्या सरड्याने त्या खुणेला प्रतिसाद दिला काय? या चार प्रश्नांची उत्तरे एकाच वाळवंटी जातीबाबत एकत्र मिळतील, तेव्हा 'संदेश' हा शब्द निःशंकपणे वापरता येईल. तोपर्यंत वर्गात शिकविताना आणि लेखात लिहिताना 'असावा' हे क्रियापद जपून ठेवणे हेच शास्त्रीय शिस्तीला धरून होईल.